आभासी विश्व : अध्यापनातील प्रतिनिधी द्रव्य

शिष्याच्या हाती प्रत्यक्ष रुग्ण देण्यापूर्वी काय द्यावे, याचा विचार आचार्य सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या नवव्या, म्हणजे योग्यासूत्रीय अध्यायात केला आहे. छेद्यकर्मासाठी कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी. भेद्यकर्मासाठी पाण्याने किंवा चिखलाने भरलेली चामड्याची पिशवी. वेध्यकर्मासाठी मृत पशूंच्या सिरा आणि कमळाचा देठ. एषणकर्मासाठी किडीने पोखरलेले लाकूड आणि वेळू. सीवनासाठी जाड-पातळ वस्त्रांच्या कडा व मऊ चामडे. बंधनासाठी पुस्तमय पुरुष. बस्तिनेत्राच्या प्रणिधानासाठी पाण्याने भरलेल्या घटाच्या बाजूचे छिद्र. शास्त्राचे कितीही श्रवण झालेले असो, ज्याने योग्या केलेली नाही तो कर्माला अयोग्यच, असा त्यांचा स्पष्ट निर्णय आहे.

ही सूची पाठ असलेल्यांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटते. आचार्यांनी रुग्णासारखे दिसणारे काहीही निवडलेले नाही. काकडी माणसासारखी दिसत नाही, आणि पोखरलेले लाकूड नाडीव्रणासारखे दिसत नाही. पण एषणी आत सरकवताना वाटेत जे वळण लागते, जिथे ती अडते आणि जिथे मोकळी होते, ते बोटांना दोन्हीकडे सारखेच कळते. ज्या कर्मात हाताने जो गुण ओळखायचा, तोच गुण ज्या वस्तूत आहे ती वस्तू त्या कर्मासाठी घेतली. रूपसादृश्याकडे दुर्लक्ष आणि गुणसादृश्याचा आग्रह, ही या अध्यायाची किल्ली आहे.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगातील अनेक महाविद्यालयांनी एक नवा पुस्तमय पुरुष घडवून पाहिला. तो चिंध्यांचा किंवा मातीचा नसून संगणकाच्या पडद्यावरचा आहे. त्याच्याभोवती पडद्यावरचेच रुग्णालय आहे, प्रयोगशाळा आहे, गाव आहे. या सर्वांना मिळून आभासी विश्व म्हणतात. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि आपल्याकडील विद्यार्थ्यांचा वर्ग भ्रमणध्वनीच्या पडद्यावर भरू लागला, तेव्हापासून अशा साधनांविषयीची चर्चा आयुर्वेद महाविद्यालयांतही ऐकू येते. कोणी पडद्यावरचे शवविच्छेदन दाखवतो, कोणी पडद्यावरचे वनौषधी उद्यान, तर कोणी संपूर्ण आतुरालयच पडद्यावर उभारण्याची भाषा करतो.

हा विषय केवळ अध्यापकांचा आहे असे समजून व्यवसायी वैद्यांनी आणि औषधनिर्मात्यांनी पान उलटू नये. महाविद्यालयातून बाहेर पडणारा स्नातक दुसऱ्या दिवशी आपल्याच चिकित्सालयात सहायक म्हणून आणि आपल्याच रसशाळेत तंत्रज्ञ म्हणून उभा राहणार आहे. तो काय शिकून आला आणि कशाचा केवळ आभास घेऊन आला, याचा हिशेब शेवटी आपल्या रुग्णाला आणि आपल्या कढईला द्यावा लागतो.

हे विश्व आहे तरी कसे?

सान फ्रान्सिस्को येथील लिंडन लॅब या कंपनीने २००३ साली ‘सेकंड लाइफ’ नावाचे आभासी विश्व सर्वांसाठी खुले केले. त्यात शिरणाऱ्याला एक देह धारण करावा लागतो. त्या देहाने चालता येते, बोलता येते, जमीन भाड्याने घेऊन तिच्यावर इमारत बांधता येते. आणि त्याच वेळी तिथे आलेली इतर माणसे आपल्याला व आपण त्यांना दिसतो. या पडद्यावरच्या देहाला इंग्रजीतही ‘अवतार’ असेच म्हणतात. हा आपला शब्द संगणकाच्या जगात पूर्वीपासून वावरत होता. नील स्टीफन्सन यांच्या १९९२ सालच्या ‘स्नो क्रॅश’ या कादंबरीने तो लोकप्रिय केला. ज्या ‘मेटाव्हर्स’ शब्दावरून फेसबुक कंपनीने ऑक्टोबर २०२१ मध्ये आपले नाव ‘मेटा’ असे केले, तोही त्याच कादंबरीतला. आपल्याकडील अवतार वरून खाली येतो आणि देहाची सुखदुःखे पत्करतो. हा अवतार मात्र देहाची सुखदुःखे खुर्चीवर ठेवून निघून जातो. नाव घेताना एवढा भेद लक्षात ठेवलेला बरा.

महाविद्यालयीन अध्यापनातील जे प्रयोग विशेष गाजले, त्यांत हार्वर्ड विद्यापीठाचा २००६ सालचा ‘सायबरवन’ हा अभ्यासक्रम प्रमुख होय. चार्ल्स नेसन आणि त्यांची कन्या रिबेका नेसन यांनी तो चालवला. विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी प्रत्यक्ष वर्गात बसत, तर बहिःशाल विभागाचे विद्यार्थी घरी बसून सेकंड लाइफमधील हार्वर्डच्या बेटावर अवताररूपाने भेटत. व्याख्यानाची चित्रफीत पाहणारा विद्यार्थी एकटा असतो. येथे मात्र दूरवरचे विद्यार्थी एकमेकांच्या शेजारी उभे राहून वाद करू शकत होते. दूरशिक्षणात जी गोष्ट कधीच नव्हती ती, म्हणजे सहाध्यायींची संगत, काही प्रमाणात मिळाली. तद्विद्यसंभाषेचे महत्त्व चरकसंहितेत वाचलेल्यांना तिचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

त्यानंतर मात्र शेकडो संस्थांनी एक मौजेची चूक केली. त्यांनी सेकंड लाइफमध्ये जमीन घेतली आणि तिच्यावर आपल्या महाविद्यालयाची हुबेहूब इमारत बांधली. आत व्याख्यानगृह, व्याख्यानगृहात बाकांच्या रांगा, समोर फळा! अवताराचे पाय दुखत नाहीत, त्याला बाक कशाला हवा? ज्या जगात विद्यार्थ्याला रक्तवाहिनीच्या आतून चालवता येते, तिथे त्याला पुन्हा चौथ्या रांगेत बसवून फळ्यावरचे वाचायला लावले गेले. यातली बरीच बेटे पुढे ओस पडली. हे रूपसादृश्य होते, गुणसादृश्य नव्हते.

जनपदोद्ध्वंसाचा एक पाठ

ज्या मोजक्या प्रयोगांनी खरे काही साधले, त्यांतील एक महाविद्यालयीन नसून शालेय आहे. तरीही तो येथे सविस्तर सांगतो, कारण आपल्या स्वस्थवृत्ताच्या अध्यापकाला त्यातून घेण्यासारखे सर्वांत अधिक आहे.

हार्वर्डच्याच शिक्षणशास्त्र विभागातील ख्रिस डीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रिव्हर सिटी’ नावाचे आभासी नगर रचले. काळ एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध, नदीकाठचे एक अमेरिकन नगर, आणि नगरात आजार पसरलेला. विद्यार्थ्यांनी लहान गट करून तिथे जायचे आणि लोक का आजारी पडतात ते शोधायचे. रस्त्यात भेटणाऱ्या नागरिकांना प्रश्न विचारायचे, रुग्णालयातील नोंदी पाहायच्या, नदीच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या पाण्याचे नमुने घ्यायचे, डासांची मोजणी करायची. कारण एकच नाही, ही यातली खुबी. पाण्यातून पसरणारा, हवेतून पसरणारा आणि कीटकांमुळे पसरणारा असे तीन आजार एकाच वेळी नगरात होते आणि त्यांची लक्षणे एकमेकांत मिसळलेली होती. शिवाय ऋतू बदलला की चित्र बदले. श्रीमंत वस्ती आणि गरीब वस्ती यांतही फरक दिसे. गटाने आपला तर्क मांडायचा, त्यानुसार एकच गोष्ट बदलायची आणि बदललेल्या नगरात पुन्हा जाऊन आजार घटला का ते पाहायचे.

विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात वायू, उदक, देश आणि काल या चार भावांच्या विकृतीने प्रकृती भिन्न असलेली माणसेही एकाच वेळी कशी आजारी पडतात, ते सांगितले आहे. आपला विद्यार्थी हे चार भाव पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. साथ प्रत्यक्ष दाखवता येत नाही, आणि ती येईपर्यंत वाट पाहणेही इष्ट नाही. अशा वेळी चार भावांपैकी कोणता बिघडला हे त्याला स्वतःला शोधावे लागेल असे एखादे पडद्यावरचे गाव मिळाले, तर तो अध्याय त्याच्या आयुष्यभर लक्षात राहील. नदीऐवजी विहीर, ओढा आणि यात्रा ठेवावी. पावसाळ्याच्या आरंभीचे गढूळ पाणी ठेवावे. विद्यार्थ्याला येथे हाताने काही ओळखायचे नाही. त्याला प्रश्न विचारायचे आहेत, नोंदी ताडून पाहायच्या आहेत आणि अनुमान करायचे आहे. हे गुण पडद्यात आहेत, म्हणून हा प्रतिनिधी शास्त्रसंमत आहे.

पाहणे, समजणे आणि तसे वाटणे

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील मानसरोगतज्ज्ञ पीटर यलोलीस यांनी सेकंड लाइफमध्ये एक आभासी रुग्णविभाग बांधला. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांनी सांगितलेल्या अनुभवांवर तो आधारलेला होता. त्यात शिरले की निंदा करणारे आवाज कानी पडू लागतात, आरशातले आपले प्रतिबिंब विकृत होते, पायांखालची जमीन नाहीशी होते. उन्मादाचा रुग्ण ‘ऐकतो’ म्हणजे काय, हे वर्गात सांगून कळत नाही. या विभागाला भेट दिलेल्यांची मते त्यांनी २००६ साली प्रसिद्ध केली. ग्राह्य ठरलेल्या ५७९ उत्तरांपैकी ७६ टक्के जणांनी, श्राव्य भासांविषयीची आपली समज वाढल्याचे सांगितले.

हा आकडा उत्साहवर्धक आहे, पण त्याचा अर्थ जेवढा आहे तेवढाच घ्यावा. समज वाढली असे त्यांना वाटले, इतकेच यावरून सिद्ध होते. उन्मादाच्या रुग्णाशी ते अधिक चांगले बोलू लागले की नाही, हा वेगळा प्रश्न. आभासी अध्यापनाविषयीचे पुष्कळसे कौतुक अशाच ‘वाटण्या’वर उभे आहे, हे त्याच्या पुरस्कर्त्यांनीही मान्य करायला हरकत नाही.

लंडनच्या सेंट जॉर्जेस संस्थेने २००८-०९ च्या सुमारास रुग्णवाहिका-सेवकांच्या अध्यापनासाठी सेकंड लाइफचा उपयोग केला. अपघातस्थळी एक आभासी रुग्ण पडलेला आहे. विद्यार्थ्यांचा गट, प्रत्येक जण आपापल्या घरी बसलेला, अवताररूपाने तिथे पोहोचतो; आधी काय तपासायचे, प्राणवायू कधी द्यायचा, रुग्ण कधी हलवायचा हे आपसांत ठरवतो. कर्माचा क्रम आणि गटाने घ्यावयाचा निर्णय शिकण्यासाठी ही योजना उत्तम होती. अशा रुग्णाची नाडी पाहायची म्हणजे मात्र कळ दाबायची. कळ दाबली की समोर एक संख्या उमटते.

त्या सेवकाला संख्याच हवी होती, म्हणून त्याचे काही अडले नाही. आपले तिथेच अडते. शार्ङ्गधरांनी नाडीची गती सांगताना सर्प आणि जळू, कावळा आणि बेडूक, हंस आणि पारवा यांची उपमा दिली. ती गती बोटाखालीच कळते, आणि तीही पुष्कळ नाड्या पाहिल्यावर. पडद्यावर ‘सर्पगती’ असे लिहून आले तर विद्यार्थ्याने नाडी पाहिली नाही, उत्तर वाचले.

प्रधान आणि अप्रधान

या सर्व प्रयोगांचे मूल्यमापन करण्यासाठी बाहेरची फूटपट्टी आणण्याचे कारण नाही. ती आपल्या भैषज्यशास्त्रात आहे. मेदा-महामेदा मिळत नाहीत म्हणून शतावरी, जीवक-ऋषभकांऐवजी विदारी, काकोली-क्षीरकाकोलींऐवजी अश्वगंधा, ऋद्धि-वृद्धींऐवजी वाराही, अशी अभावप्रतिनिधी द्रव्ये भावमिश्रांनी दिली आहेत आणि च्यवनप्राश करणारी प्रत्येक फार्मसी ती वापरते. परंतु त्याच परंपरेचा दुसरा दंडक असा की, योगात जे अप्रधान आहे त्याचाच प्रतिनिधी घ्यावा. जे प्रधान आहे त्याचा घेऊ नये. आवळा नाही म्हणून दुसरे फळ घालून केलेल्या अवलेहाला च्यवनप्राश म्हणता येत नाही.

प्रत्येक अध्यापनविषयात प्रधान काय आहे, हे आधी ठरवले पाहिजे. ठरवताना एक कसोटी उपयोगी पडते. आभासी विश्वात जे जे आहे ते ते कोणीतरी तिथे ठेवलेले आहे. पडद्यावरच्या रुग्णाच्या जिभेवर सामतेचा लेप असेल, तर तो एखाद्या अध्यापकाने सांगून रंगवून घेतलेला असतो. त्याला जे माहीत नव्हते ते त्या रुग्णात असूच शकत नाही. म्हणून ते कितीही खरे दिसले तरी प्रमाणविचाराने पाहता ते प्रत्यक्ष नव्हे. तो आप्तोपदेशच आहे, केवळ चित्ररूपाने आलेला. त्यावरून अनुमानाचा सराव होतो आणि तो मौल्यवानही आहे. परंतु खऱ्या रुग्णात कोणीही न ठेवलेले काहीतरी असते, आणि ते दिसण्याची सवय खऱ्या रुग्णाजवळच लागते.

शारीर विषयाचे उदाहरण घेऊ. सुश्रुतांनी शव मुंज आदींनी वेढून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवण्यास आणि मग कूर्चाने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचा एकेक भाव डोळ्यांनी पाहण्यास सांगितले. आज पडद्यावरच्या शवविच्छेदनात अवयवांचे परस्परस्थान, कोणत्या सिरेच्या मागे काय आहे, हे पाहिजे तितक्या वेळा मागेपुढे करून पाहता येते. हे प्रत्यक्ष शवावर शक्य नसते, कारण एकदा कापलेले पुन्हा सांधत नाही. अवयवांचे स्थान शिकण्यासाठी पडदा शवापेक्षाही सोयीचा ठरावा. पण स्नायू आणि कंडरा यांचा हाताला लागणारा भेद, मेदाचा चिकटपणा, वयानुसार आणि देहादेहानुसार पडणारा फरक पडद्यावर नाही. शल्याकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला तोच प्रधान आहे.

द्रव्यगुणात तर पडदा फारच लवकर थकतो. अशोकाच्या आणि आसुपालवाच्या पानांतील फरक त्यावर सुंदर दाखवता येतो. पण फार्मसीच्या दारात ट्रक उभा राहतो, त्यात पाने नसतात, वाळलेल्या सालीची पोती असतात. पोत्यात हात घालून साल मोडून पाहणे, तिचा वास घेणे, तुकडा जिभेवर ठेवणे आणि तळाचा माल वरच्यापेक्षा दमट आहे हे ओळखणे यांवर कच्च्या मालाची स्वीकृती ठरते. पुढे प्रयोगशाळेची परीक्षणे आहेतच. पण कोणते पोते परीक्षणाला पाठवायचे हे नाक आणि बोटे सांगतात. गुळवेलीचा तिक्त रस आणि वेखंडाचा उग्र गंध पाठवणारा पडदा आमच्या पाहण्यात नाही.

कढईपाशी

औषधनिर्माणाच्या अध्यापनाचे एक परदेशी उदाहरण येथे सांगायला हवे. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या औषधनिर्माण विद्याशाखेने सेकंड लाइफमध्ये ‘फार्माटोपिया’ नावाचे बेट उभारले. तिथे विद्यार्थी गोळ्या तयार करण्याची प्रक्रिया आभासी प्रयोगशाळेत करून पाहत. गोळीयंत्र महाग, ते सर्व विद्यार्थ्यांच्या हाती देता येत नाही, आणि चुकीच्या मांडणीने ते बिघडले तर खर्च मोठा. तेव्हा क्रम आणि यंत्राची जाण आधी पडद्यावर देऊन मग यंत्रापाशी आणणे यात शहाणपण आहे.

आपल्याकडे २००० साली शेड्यूल ‘टी’ आल्यापासून कच्चा माल, निर्मिती आणि तयार माल यांच्या जागा वेगळ्या असाव्यात, मालाची वाटचाल एकाच दिशेने असावी, प्रत्येक घाण्याची नोंद असावी, हे नियम आपण पाळतो. नवा तंत्रज्ञ ते कागदावर वाचून येतो आणि तरीही धुतलेले पातेले न धुतलेल्याशेजारी ठेवतो. अशा माणसाला पडद्यावरच्या रसशाळेत एक दिवस हिंडवून ‘येथे काय चुकले आहे ते शोध’ असे सांगितले, तर निरीक्षकाची दृष्टी त्याला लवकर येईल. या कामी आभासी विश्व निःशंक वापरावे. यासाठी सेकंड लाइफही नको. रसशाळेच्या खोल्यांची छायाचित्रे जोडून केलेला साधा फेरफटका पुरतो.

स्नेहपाकाची गोष्ट वेगळी. कल्काची वात बोटांत वळली जाते का, ती अग्नीवर टाकली असता तडतड होते की निःशब्द जळते, तैलात फेस उठला का, घृतात फेस शमला का, या परीक्षा विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात. त्यांची चित्रफीतही करता येते. परंतु फेस येण्याच्या थोडे आधी जो वास पालटतो आणि ज्यामुळे अनुभवी पाकशास्त्री न सांगता कढईकडे वळतो, तो चित्रफितीत येत नाही. मध्यम पाकातून खर पाकात जायला फार वेळ लागत नाही. पडद्यावर कळ दाबून ‘मध्यम पाक’ निवडणाऱ्या स्नातकाला मोठ्या घाण्यासमोर उभे केले की तो घड्याळाकडे पाहतो. घाणा मालकाचा जातो, आणि ज्या रुग्णाला ते तैल नस्यासाठी जायचे होते त्याचेही नुकसान होते.

व्यापद : जे दिसू नये, पण माहीत हवे

आभासी विश्वाचा सर्वांत योग्य उपयोग माझ्या मते पंचकर्माच्या व्यापदांत आहे, आणि तिथे तो फारसा झालेला दिसत नाही. सिद्धिस्थानात वमन-विरेचनाच्या दहा आणि बस्तीच्या बारा व्यापदा सांगितल्या आहेत. चांगल्या महाविद्यालयात चांगल्या अध्यापकाच्या हाताखाली शिकलेल्या विद्यार्थ्याला त्यांतील बहुतेक कधीच दिसत नाहीत, कारण अध्यापक त्या होऊ देत नाही. हा अध्यापकाचा गुण, पण विद्यार्थ्याची उणीव. तो बाहेर पडून स्वतः वमन देऊ लागतो आणि पहिली व्यापद त्याला एकट्याला भेटते.

विरेचनाचा अतियोग होत आहे. रुग्ण तहानलेला, गात्रे गळालेली, आणि मलाबरोबर तांबडे काही पडू लागले आहे. हे पित्त की जीवरक्त? पांढरे वस्त्र भिजवून, वाळवून, कोमट पाण्याने धुण्याची परीक्षा त्याला आठवते का? आठवली, तरी ती करत बसण्याइतका वेळ आहे, की आधी स्तंभनाचा विचार करून रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवायचे? असा प्रसंग पडद्यावर घडवता येतो. विद्यार्थ्याने उशीर केला तर पडद्यावरच्या रुग्णाची अवस्था ढासळते, आणि ती ढासळल्याने कोणाचेही घर उजाड होत नाही. येथे प्रधान आहे तो वेळेवर घ्यावयाचा निर्णय, आणि तो पडद्यावर शिकता येतो. अज्ञ वैद्याच्या हाती प्राण सोपवू नयेत असे आचार्य परोपरीने बजावतात. ती अज्ञता कोणाच्या प्राणांची किंमत न देता घालवण्याचा हा एक मार्ग आहे.

खर्च आणि धोका

संस्थाचालकांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. आभासी जमीन भाड्याची असते. लिंडन लॅबने शिक्षणसंस्थांना दिलेली निम्म्या दराची सवलत जानेवारी २०११ पासून काढून घेतली; पुढे २०१३ मध्ये ती परत दिली, पण मधल्या काळात कित्येक संस्था ‘ओपनसिम्युलेटर’सारख्या मुक्त प्रणालींकडे वळल्या किंवा खेळच सोडून गेल्या. सेकंड लाइफ आजही चालू आहे. त्याच्या नंतर आलेल्यांपैकी मायक्रोसॉफ्टचे ‘अल्टस्पेस’ मार्च २०२३ मध्ये बंद झाले, आणि अनेक अध्यापक वापरत असलेली मोझिलाची ‘हब्ज’ सेवा मे २०२४ अखेर मोझिलाने बंद केली. तांब्याची कढई पिढ्यान्‌पिढ्या टिकते. ही विश्वे पाच-सात वर्षांत मिटतात. म्हणून भपकेबाज खरेदी टाळावी. मजकूर, रुग्णवृत्ते आणि प्रश्न आपल्या मालकीचे ठेवावेत, म्हणजे साधन बदलले तरी ते दुसरीकडे नेता येतील.

खरा धोका खर्चाचा नाही. महाविद्यालयाला प्रवेशसंख्येच्या प्रमाणात बाह्यरुग्णांची आणि खाटांची किमान संख्या राखावी लागते, आणि ती कोठे कशी राखली जाते याची कुजबुज आपल्या प्रत्येक संमेलनात चहाच्या वेळी होतेच. कागदावरचे रुग्ण आधीच आहेत. उद्या पडद्यावरचे रुग्ण आले आणि ‘विद्यार्थ्यांना शंभर रुग्ण दाखवले’ असे त्यांच्या बळावर लिहिले जाऊ लागले, तर आवळ्याशिवायचा च्यवनप्राश बाजारात येईल. चरकांनी वैद्याच्या गुणांत निर्मळ शास्त्रज्ञानाच्या पाठोपाठ पुष्कळ वेळा कर्म पाहिलेले असणे सांगितले. पडद्यावर पाहिलेले कर्म त्या मोजणीत धरू नये, असे आपल्या संघटनेने नियामक आयोगाला लेखी कळवावे. आभासी तास सिद्धान्ताच्या तासांत धरता येतील. आतुरालयातील तासांत ते कदापि धरू नयेत.

मात्र नुसता विरोध करून भागणार नाही. ज्या महाविद्यालयात रुग्ण कमी आहेत तिथल्या विद्यार्थ्याचा त्यात दोष नाही, आणि रुग्ण आपल्याकडे आहेत. पंधरा-वीस वर्षे व्यवसाय केलेल्या प्रत्येक वैद्याच्या जुन्या वह्यांत अशी दहा तरी रुग्णवृत्ते असतील की ज्यांत आरंभीचे निदान एक, आणि आठ दिवसांनी दिसलेले दुसरेच. रुग्णाचे नाव, गाव, ओळख पटेल असे सर्व काढून ती अध्यापकांना द्यावीत. पडद्यावरच्या रुग्णात कोणीतरी ठेवलेलेच असते हे खरे. पण ठेवणारा व्यवसायी असेल तर तो पुस्तकातले लक्षण ठेवणार नाही, पाहिलेले ठेवील. अयशस्वी झालेली चिकित्सा विशेष अगत्याने द्यावी. यशाची वृत्ते सर्वत्र छापून येतात.

आणि फार्मसीचालकांनी स्नेहपाकाचे दिवस जवळच्या महाविद्यालयाला आगाऊ कळवावेत. प्रत्येक घाण्याला चार विद्यार्थ्यांपेक्षा अधिक नकोत. त्यांनी क्वाथ-कल्क-स्नेहाचे प्रमाण, भांड्याचे माप, अग्नीचा क्रम, शेड्यूल ‘टी’तील नोंदी हे सर्व आधी पडद्यावर करून यावे. रसशाळेत तो वेळ घालवू नये. कढईपाशी आल्यावर वही आणि भ्रमणध्वनी बाहेर ठेवायला सांगावे, आणि फेस येण्याच्या सुमारे अर्धा तास आधीपासून प्रत्येकाने दर पाच मिनिटांनी कल्क बोटांत वळून, वास घेऊन, पाकाची अवस्था मोठ्याने सांगावी. मुख्य पाकशास्त्र्याने मात्र घाणा उतरेपर्यंत काही बोलू नये.